ताटलीतला झोन आणि पायावरची जखम

वांद्रे पूर्वेच्या शासकीय वसाहतीत काही वर्षांपूर्वी एक सत्कार झाला. वसाहतीतच लहानाची मोठी झालेली मुलगी एका मोठ्या संस्थेत प्राध्यापक झाली होती. विषय नॅनो-पदार्थ आणि जैववैद्यकीय अभियांत्रिकी. मंडळाच्या हॉलमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्या, टेबलावर शाल आणि श्रीफळ, मागं तिच्या फोटोचा फ्लेक्स. वडील मंत्रालयातून निवृत्त झालेले, पहिल्या रांगेत इस्त्रीच्या शर्टात बसलेले. निवेदकानं ओळख वाचायला सुरुवात केली. शोधनिबंध शंभराच्या वर. सायटेशन्स काही हजार. एच-इंडेक्स अमुक. पेटंटं चार. एच-इंडेक्स म्हणजे काय हे हॉलमध्ये बहुधा कुणालाच ठाऊक नव्हतं, पण प्रत्येक आकड्याला टाळ्या पडल्या. आपल्या वसाहतीतली मुलगी एवढी पुढं गेली याचा तो निर्मळ आनंद होता आणि तो मलाही झाला.

शेवटी कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा, असं म्हटलं गेलं. मागच्या रांगेतल्या एक काकू उभ्या राहिल्या. "मॅडम, जखमेवर लावायची चांदीची जाळी तुम्ही केलीत असं आत्ता वाचलं. ती मिळते कुठं? आमच्या ह्यांच्या पायाची जखम आठ महिने भरत नाहीये. शुगर आहे त्यांना."

ती क्षणभर थांबली. मग म्हणाली, "काकू, ती कुठंच मिळत नाही. उंदरांवर चांगली चालली. निबंध छापून आला. पुढं मी ती नेऊ शकले नाही, आम्ही दुसऱ्या पदार्थाकडे वळलो."

आयोजकांनी घाईघाईनं पुष्पगुच्छ पुढं केला आणि कार्यक्रम आटोपला. मला मात्र त्या संध्याकाळी बोललं गेलेलं सगळ्यांत मानाचं वाक्य तेच वाटलं. आपलं काम कुठं थांबलं हे तिनं भर सभेत, स्वतःच्या आईवडिलांसमोर सांगितलं. असं सांगणारी माणसं आपल्या विद्यापीठांत कमी होत चालली आहेत. त्याचा दोष त्या माणसांइतकाच, किंबहुना अधिक, टाळ्या वाजवणाऱ्या आपल्यावर आहे असं मला वाटतं. म्हणून हे लिहितो आहे.

मी उपनगरातल्या एका महाविद्यालयात तीस वर्षं शिकवलं आणि अनेक ठिकाणी परीक्षक म्हणून गेलो. चांदीच्या नॅनोकणांचे प्रकल्प मी इतके पाहिले आहेत की ती कृती मला तोंडपाठ झाली आहे. तुळशीची किंवा कडुलिंबाची पानं धुवायची, पाण्यात उकळून गाळायची. त्या रसात सिल्व्हर नायट्रेटचं पातळ द्रावण मिसळायचं. हळूहळू फिकट पिवळं पाणी चहासारखं तपकिरी होतं. वर्णपटमापकात चारशेवीस नॅनोमीटरच्या आसपास उंचवटा दिसला की कण तयार झाले. मग जिवाणू वाढवलेल्या काचेच्या ताटलीत त्या द्रावणात भिजवलेली कागदाची चकती ठेवायची. दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जिवाणू न वाढलेलं एक स्वच्छ वर्तुळ दिसतं. त्याला प्रयोगशाळेत सगळे 'झोन' म्हणतात. मुलं ते प्लास्टिकच्या पट्टीनं मोजतात, आणि मार्गदर्शकाचा पहिला प्रश्न असतो, "झोन किती आला?" आला की निबंध लिहायला घ्यायचा. शेवटच्या परिच्छेदात एक ठरलेलं वाक्य असतंच: हे कण जखमांच्या उपचारात उपयुक्त ठरू शकतील.

ठरू शकतील का? ताटलीत रक्त नसतं, पू नसतो. जखमेतल्या स्रावात प्रथिनं असतात, क्षार असतात. चांदी त्यांना चिकटते आणि तिचा जोर कमी होतो. जखमेवरचे जिवाणू सुटेसुटे नसतात, ते चिकट थर करून त्याखाली दडी मारतात. आणि जी चांदी जिवाणू मारते तीच, मात्रा चुकली तर, जखम भरून काढणाऱ्या आपल्याच पेशींनाही मारते. मधुमेही माणसाच्या पायाला तर पुष्कळदा संवेदनाच उरलेली नसते. काटा रुतला तरी कळत नाही, कित्येकदा रक्तपुरवठाही आटलेला. यातलं काहीही ताटलीत दिसत नाही. एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांना हे शिकवायला हवं होतं. मी स्वतः अशा कितीतरी अहवालांवर 'उत्तम' असा शेरा मारला आहे. तो मारताना मी त्या मुलांचं नुकसान करत होतो, हे आज स्पष्ट लिहून ठेवतो.

पानांच्या रसातून कण घडवण्याच्या या कामाचं एक मूळ खरं तर फार उजळ आहे, आणि ते आपल्याच पुण्यात आहे. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. मुरली शास्त्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० नंतरच्या चार-पाच वर्षांत बुरशी आणि वनस्पती यांच्याकडून सोन्या-चांदीचे नॅनोकण घडवून घेतले. २००४ मध्ये त्यांनी गवती चहाच्या रसातून सोन्याचे सपाट, त्रिकोणी कण मिळवले आणि ते काम 'नेचर मटेरियल्स'मध्ये छापून आलं. आपल्या परसातल्या गवती चहातून! एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग. माणसाच्या केसाची जाडी सुमारे ८०,००० नॅनोमीटर. एवढ्या सूक्ष्म जागी पानातला रस नेमका आकार घडवतो, तो कसा आणि का, हा त्यांचा प्रश्न होता. नंतर जगभर लाट आली. जास्वंद, पपई, आंबा, शेवगा. एकेक पान घ्यायचं आणि एकेक निबंध काढायचा. प्रश्न मागं राहिला, पाककृती तेवढी पुढं गेली. शास्त्रींच्या मागून येणाऱ्यांना त्यांच्यासारखाच पुढचा प्रश्न विचारायला कुणी मनाई केली नव्हती. पण पुढच्या प्रश्नाला पाच वर्षं लागतात, नव्या पानाला तीन महिने.

तीन महिन्यांची घाई का असते, हे ज्यांच्या घरात कुणी प्राध्यापक आहे त्यांना वेगळं सांगायला नको. २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं एपीआय नावाची गुणपद्धत आणली. निबंधाला इतके गुण, पुस्तकाला इतके, परिषदेला इतके. कॅसची, म्हणजे बढतीची, मुलाखत आली की स्टाफरूममध्ये फायली निघायच्या आणि बेरजा सुरू व्हायच्या. हेतू वाईट नव्हता. वशिल्यानं मिळणाऱ्या बढत्या थांबाव्यात असा होता. पण गुणांची मागणी निर्माण झाली तसा गुण विकणारा बाजारही उभा राहिला. पैसे भरा, आठवड्यात छापून घ्या. २०१८ मध्ये पुण्याचे डॉ. भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी 'करंट सायन्स'मध्ये एक तपासणी प्रसिद्ध केली. आयोगाच्या मान्य यादीत विद्यापीठांच्या शिफारशीनं आलेल्यांपैकी १,३३६ नियतकालिकं त्यांनी पाहिली. ८८ टक्क्यांहून अधिक निकृष्ट दर्जाची असावीत असा निष्कर्ष निघाला. कित्येकांचा पत्ताच धड नव्हता. त्याच वर्षी आयोगानं ४,३०५ नावं यादीतून काढली. २०२२ च्या नियमांत पीएच.डी.साठी निबंध छापण्याची सक्तीही गेली. कागदावरचे नियम बदलले, सवय बदलली नाही. आजही मुलाखतीत पहिला प्रश्न "किती?" हाच असतो, आणि सत्काराच्या हॉलमध्येही तोच.

इतर विषयांत हे झालं तर कपाटं भरतात आणि पैसा वाया जातो. इथं पुढं माणसाचं शरीर आहे, म्हणून मी इतका कळवळून बोलतो आहे. खोटा किंवा अर्धवट निष्कर्ष छापला गेला की त्यावर दुसरा कुणीतरी विश्वास ठेवतो, तिसरा त्यावर उत्पादन काढतो, आणि कुठंतरी एखादी बाई ते विकत आणून नवऱ्याच्या पायाला बांधते.

संशोधनाच्या पुढं माणसाचं शरीर असतं, याची आठवण वांद्र्याला करून द्यायची गरज पडू नये. पश्चिमेला रनवार, चिंबई, पाली या जुन्या गावठाणांतून फिरताना गल्लीच्या तोंडाशी दगडी क्रूस दिसतात. त्यातले कित्येक १८९६ च्या प्लेगच्या काळात उभारलेले आहेत. आज त्यांना कुणी झेंडूची माळ घालतं, कुणी मेणबत्ती लावतं, रिक्षा त्यांना वळसा घालून जातात. ज्या साथीत गल्लीगल्लीतून माणसं क्रुसापाशी जमून देवाची करुणा भाकत होती, त्याच साथीत इथून काही मैलांवर, भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एका लहानशा जागेत वाल्डेमार हाफकिन प्लेगची लस तयार करत होता. १८९६ च्या ऑक्टोबरात तो मुंबईत आला आणि १० जानेवारी १८९७ रोजी त्यानं ती लस आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या स्वयंसेवकांना. त्याची कहाणी इथंच संपत नाही. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला लशीच्या एका बाटलीत धनुर्वाताचा संसर्ग झाला आणि १९ माणसं दगावली. ठपका हाफकिनवर आला, नोकरी गेली. दोष गावात बाटली उघडताना झाला होता हे सिद्ध होऊन त्याचं नाव निर्दोष ठरायला १९०७ उजाडलं. परळच्या हाफकिन संस्थेच्या पाटीवर त्याचं नाव आहे ते या सगळ्यासकट. त्यानं किती निबंध लिहिले हे कुणी विचारत नाही.

आजच्या काळात संशोधकानं स्वतःला टोचून घ्यावं असं मी म्हणत नाही, तसं कुणी करू देणारही नाही आणि देऊही नये. आता त्याऐवजी रीतसर पायऱ्या आहेत: पेशींवर, प्राण्यांवर, विषारीपणाच्या चाचण्या, नैतिकता समितीची परवानगी, मग थोड्या रुग्णांवर, मग अनेकांवर. हा रस्ता दहा-दहा वर्षांचा असतो. तो चालणारी माणसं आपल्याकडे आहेत. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचंच घ्या. प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकरांनी १९४६ मध्ये लावलेलं हे रोप. तिथं डॉ. किशोर पाकणीकर आणि त्यांच्या गटानं चांदीच्या नॅनोकणांवर काम केलं. सात ते वीस नॅनोमीटरचे कण. पण औषध म्हणून मांडण्याआधी त्यांनी हे कण माणसाच्या आणि उंदराच्या पेशींचं काय करतात ते तपासलं, किती मात्रेपर्यंत पेशी तग धरतात ते पाहिलं, आणि ते निकाल वेगळे छापले. मग २००९ मध्ये भाजलेल्या जखमांसाठी एक जेल पुढं ठेवलं. नेहमीच्या चांदीच्या मलमापेक्षा तीसपट कमी चांदी असूनही त्याची जिवाणूंविरुद्धची ताकद त्याच तोलाची निघाली. पुढं ते तंत्र उद्योगाकडे गेलं. भाजलेल्या माणसाच्या उघड्या अंगावर तीसपट कमी चांदी! ज्यानं भाजलेल्या माणसाचं ड्रेसिंग बदलताना पाहिलं आहे त्यालाच या वाक्याचं वजन कळेल. हे 'झोन किती आला' या प्रश्नावर थांबलं असतं तर निबंध आणखी दहा निघाले असते, जेल निघालं नसतं.

आणि अपयश? ते लिहून ठेवण्याचं धैर्यही आपल्या देशानं पाहिलं आहे. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत डॉ. एम. एस. वलियाथन यांनी हृदयाची कृत्रिम झडप बनवायला घेतली. एक नमुना फसला, दुसरा फसला, तिसराही फसला. प्रत्येक वेळी का फसला ते शोधलं, मांडलं, आणि पुन्हा आरंभ केला. चौथा नमुना टिकला आणि १९९० च्या डिसेंबरात तो पहिल्या रुग्णाच्या हृदयात बसवला गेला. आता तुम्ही कल्पना करा, तिसरा नमुना फसला त्या वर्षी कुणी वलियाथनांना एपीआयचे गुण विचारले असते तर! अशी गोष्ट परदेशातही घडते. कॅटलिन कारिको यांना १९९५ मध्ये अमेरिकेतल्या विद्यापीठानं खालच्या पदावर ढकललं, कारण त्यांच्या आरएनएच्या कामाला अनुदान मिळत नव्हतं. त्याच कामातून, चरबीच्या नॅनोकणांत गुंडाळून, कोरोनाची लस आली आणि २०२३ मध्ये नोबेल.

यातून बाहेर पडायची मला दिसणारी वाट अगदी जवळची आहे, वांद्रे स्टेशनपासून बसनं जाण्याइतकी. रेक्लमेशनला अली यावर जंग यांच्या नावाची वाक् आणि श्रवण दिव्यांगांची राष्ट्रीय संस्था आहे, १९८३ पासून. कानाचं मशीन लावलेल्या लहान मुलांना घेऊन आया तिथं येतात, कुणी विरारहून, कुणी कर्जतहून. मशीन कितीही भारी असलं तरी कानात बसतो तो इअर मोल्ड, त्या मुलाच्या कानाचा ठसा घेऊन केलेला साचा. मूल वाढतं, कान वाढतो, साचा सैल होतो आणि मशीन शिट्टी मारायला लागतं. मूल ते काढून फेकतं. आई पुन्हा रजा काढते, पुन्हा लोकल, पुन्हा ठसा. मऊ, कानाबरोबर थोडा ताणणारा, घामानं चिघळू न देणारा, आणि आईला परवडणारा पदार्थ. पदार्थविज्ञानाच्या माणसाला आयुष्यभर पुरेल असा प्रश्न तिथल्या बाकावर बसलेला आहे. वांद्र्याच्या आसपास इतकी अभियांत्रिकी महाविद्यालयं आहेत. त्यातल्या जैववैद्यकीय शाखेच्या प्रत्येक मुलामुलीनं प्रकल्पाचा विषय ठरवण्याआधी असा एक दिवस एखाद्या रुग्णालयाच्या बाकावर काढावा, पालिकेच्या भाभा रुग्णालयातही काढावा. ड्रेसिंगच्या खोलीबाहेर उभं राहावं. मग तुळस घ्यायची की कडुलिंब, हा प्रश्न आपोआप मागं पडेल.

ही कल्पना हवेतली नाही. पवईच्या आयआयटीत डॉ. बी. रवी यांनी २०१४ मध्ये राज्य सरकारच्या मदतीनं बेटिक नावाचं केंद्र सुरू केलं. तिथं डॉक्टर आधी आपली अडचण मांडतात आणि मग अभियंते त्यावर उपकरण घडवायला बसतात. पुण्याचं अभियांत्रिकी महाविद्यालय आणि नागपूरचं व्हीएनआयटी त्यात आले. उलट्या क्रमानं, म्हणजे पदार्थ आधी आणि रोग नंतर शोधायचा, असं काम आपण फार केलं.

संशोधकांवरच सगळा भार टाकून मोकळं होणं मला मान्य नाही. बार्टी, सारथी, महाज्योती या शासकीय संस्थांच्या संशोधक विद्यार्थ्यांना हक्काच्या फेलोशिपसाठी रस्त्यावर उतरावं लागलं, हे याच राज्यात घडलं. ज्याच्या हातात महिन्याचं भाडं नाही त्यानं दहा वर्षांचा प्रश्न हाती घ्यावा, असं म्हणण्याचा अधिकार आपल्याला आधी मिळवावा लागेल. बढतीच्या मुलाखतीत समितीनं तीन उत्तम निबंध मागावेत, बाकीची यादी उघडूच नये. आणि फसलेल्या एका प्रयोगाची नोंदवही मागावी. ती दाखवता येणं हा गुण धरावा. मार्गदर्शकांनी विद्यार्थ्याच्या निबंधावर आपलं नाव घालण्याआधी ती ताटली स्वतः पाहिलेली असावी. रुग्णालयातल्या डॉक्टरांनीही संशोधकाला दारातून परत पाठवू नये. आणि जे शोधलं ते वर्षातून एकदा मराठीत, हॉलमधल्या काकूंना समजेल असं सांगावं. आपलं काम सोप्या मराठीत सांगताना कुठं अडखळायला होतं, तिथंच बहुधा त्या कामातली पोकळी असते. शिकवताना मला हे वारंवार दिसलं.

आईवडिलांना आणि मंडळांच्या कार्यकर्त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. आपल्या मुलांचे सत्कार जरूर करा, शाल घाला, पेढे वाटा. पण ओळख करून देताना आकडे वाचू नका. तिला विचारा, कोणता प्रश्न हाती घेतला आहे, तो कुठं अडला आहे, आणि पुढं न्यायला काय लागेल. अडला आहे असं ती म्हणाली तर त्यालाही टाळ्या द्या.

त्या प्राध्यापक बाई नंतर काकूंना हॉलबाहेर भेटल्या. पायाला सांभाळणाऱ्या चपला, रोज रात्री तळवे आरशात पाहायची सवय, साखर, असं बरंच काही त्यांनी काकूंच्या पिशवीतल्या कागदाच्या पाठीवर लिहून दिलं. त्यांची चांदीची जाळी मात्र अजून कुठं मिळत नाही. काकूंच्या यजमानांचं ड्रेसिंग पुढंही एक दिवसाआड पालिकेच्या रुग्णालयातच होत राहिलं, सलाइननं धुवून, साध्या गॉजनं.